कुंडलिकरावांनी घातलेली घडी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष माननीय मानसिंगराव शिळीमकर, शेजारी बसलेले वाचनालयाचे चिटणीस, ज्यांच्या गादीवर आजचे सत्कारमूर्ती उद्या सकाळपासून बसणार आहेत ते आमचे समोरचे शेजारी सोनबाशेठ, स्वतः सत्कारमूर्ती कुंडलिकराव धुमाळ, त्यांच्या सौभाग्यवती चंद्राबाई, पेठेतील व्यापारी बंधू, आणि खोऱ्यातल्या गावांतून उन्हातान्हाची वाट तुडवत आलेल्या माता-भगिनींनो व सज्जनहो,

बोलायला उभा राहिलो आहे तो आधी दुरुस्त्या करण्यासाठी. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना सांगितले की, आनंदराव मळेकरांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर कापडाचे दुकान काढले. दसरा नव्हे, पाडवा. दसऱ्याला फक्त पाटी लागली. दुसरे असे की, मी मराठी दुसरी शिकलो, असे ते म्हणाले. त्यांनी मोठेपणा दिला, उपकार आहेत. पण मी पहिलीसुद्धा शिकलेलो नाही. खांद्यावर गठ्ठा घेऊन वेल्ह्यापासून गुंजवण्यापर्यंत वाड्यावस्त्या हिंडलो आणि ताग्यांवर गिरण्यांचे जे छाप असतात, त्यांवरून एकेक अक्षर उचलले. स्वतःच्या हाताने मिळवलेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेलेली मला खपत नाही, मग तो दुसरीचा वर्ग का असेना. तिसरी दुरुस्ती माझ्या डोक्यामागेच टांगलेली आहे. फलकावर ‘कुंडलीकराव’ असे लिहिले आहे. त्यातला ‘लि’ ऱ्हस्व पाहिजे. दुपारीच मी रंगाऱ्याला दाखवले. तो म्हणाला, “समद्यांना कळतंय की, मालक.” कळते आहे म्हणून चुकीचे लिहायचे? मग नाव तरी कशाला लिहायचे? नुसता रंग फासायचा होता.

असो. आजचा दिवस माझ्या रागाचा नाही, असे मला घरून निघताना बजावलेले आहे.

निरोपाचे समारंभ वाचनालयाच्या या माडीवर मी पुष्कळ पाहिले. मामलेदारांची बदली झाली की आपण जमतो, मास्तर पेन्शनीत निघाले की जमतो. माणूस लांब जातो, पुन्हा भेट केव्हा होईल सांगता येत नाही, म्हणून हार घालायचा, डोळे पुसायचे. आजचे सत्कारमूर्ती कुठे निघाले आहेत? माझ्या दुकानाची पायरी उतरायची, गटार चुकवायचे, रस्ता ओलांडायचा आणि सोनबाशेठांच्या दुकानाची पायरी चढायची. एवढ्या प्रवासाला हार, तुरा, अध्यक्ष आणि पेट्रोमॅक्सची बत्ती? मी व्यापारी मंडळाला स्पष्ट सांगितले होते की हे नको. पण मंडळाचे म्हणणे पडले, इतकी वर्षे एका गादीवर बसलेला माणूस उठतो आहे, तेव्हा चार शब्द बोललेच पाहिजेत. आणि ते आनंदरावांनीच बोलावेत, कारण त्यांना कुंडलिकराव सर्वांत जास्त ठाऊक. हे झाले तोंडावरचे कारण. मनातले कारण मला कळत नाही, असे कोणी समजू नये. तुम्हाला मजा पाहायची आहे. ती बघा, मागच्या भिंतीला टेकलेली मंडळी आताच हसायला लागली.

तर कुंडलिकराव. दुकानात मी त्यांना नुसते कुंडलिक म्हणतो, आज गळ्यात हार आहे म्हणून राव लावतो. हे मूळचे किकवीचे. आले तेव्हा मिसरूड फुटत होते, आता कानावर पांढरे दिसते. लुगडे दाखवण्याची त्यांची रीत तुमच्यापैकी पुष्कळ भगिनींनी पाहिलेली आहे. इतर माणसे लुगडे गिऱ्हाइकापुढे टाकतात, हे मांडतात. आधी पदर दाखवायचा नाही. काठ दाखवायचा, मग अंग, आणि बाई हात लावायला पुढे झाली की मगच पदर उलगडायचा. नको म्हणून उठलेली बाई पदराशी पुन्हा बसते. ही रीत माझी, मी शिकवलेली, हे नोंदवून ठेवतो. पण ती माझ्यापेक्षा त्यांच्या हाताला अधिक शोभते, हेही म्हणतो. मी खोटे बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. पेठेतले बंधू मला विचारतात, “आनंदराव, गादीवरच्या माणसांचा हुरूप तुम्ही टिकवता कसा?” अहो, मी टिकवला असता तर आज आपण इथे कशाला बसलो असतो? दुकानात माल उत्तम असेल, मालक चोख असेल, पण पायरीवर चढणारे गिऱ्हाईक पहिल्यांदा बघते ते गादीवरच्या माणसाच्या तोंडाकडे. ते तोंड आंबट असले की शालूसुद्धा पोत्यासारखा दिसतो. आणि दोन वर्षांमागे माझ्या गादीवरची सगळी तोंडे आंबू लागली. कुंडलिकराव होते, हाताखाली गेनू होता, आणि लुगड्यांच्या बाजूला साळूबाई. बायकांना कापड दाखवायला बाईमाणूस असावे म्हणून मी गुंजवण्याहून आणून बसवलेल्या, या पेठेत पहिल्याच. त्यावरही तेव्हा लोक हसले होते; आता सोनबाशेठही एक बाई शोधत आहेत. तर गिऱ्हाईक पायरीशी आले की ही तिघे मान वर करीत आणि ‘आता आणखी कोण कडमडलं’ अशा नजरेने बघत. पगार वेळेवर. सणाला कापड. आजारपणाला सुट्टी. मग झाले काय होते यांना?

विचारले की एकच उत्तर. “काय न्हाई, मालक.” सज्जनहो, या ‘काय न्हाई’ने माझे अर्धे आयुष्य खाल्ले आहे.

मग मी उपाय सुरू केले. गेनू, आताच हसू नकोस, अजून सांगितलेले नाही.

पहिला उपाय टोप्यांचा. पुण्याच्या एका पेढीवर सगळ्या माणसांना एकसारख्या टोप्या असलेल्या मी पाहिल्या होत्या. मी मखमलीच्या, तांबड्या, कडेला जर लावलेल्या शिवून घेतल्या. माप स्वतः घेतले. दुसऱ्या दिवशी शेतावरून आलेल्या एका बाबाने दारातच विचारले, “लगीन कुणाचं हाय?” गेनू म्हणाला, “आमचंच. नवरी बघायला बसलोय तिघं.” साळूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्या दिवशी खण दाखवायला मला स्वतः उतरावे लागले. टोप्या परत कपाटात गेल्या. जरीची कड अजून काळी पडलेली नाही. कुणाच्या बँडला हव्या असल्यास सांगावे.

दुसरा उपाय, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्यांच्याशी चार उत्साहाचे शब्द बोलायचे. बोललो. मी कसा गठ्ठा घेऊन हिंडलो, नदीला पाणी असताना गठ्ठा डोक्यावर धरून कसा उतरलो, कुणीही पाठीशी नसताना कसा उभा राहिलो. मला बोलताना गहिवर यायचा. यांना जांभया यायच्या. आठवड्याने गेनूने विचारले, “मालक, आज नदी उतरायची का हिकडूनच सुरू करायचं?”

तिसरा उपाय मात्र मला अजूनही चांगला वाटतो. तो भवानीचा. दिवसातला पहिला सौदा म्हणजे भवानी. ती झाल्याशिवाय आपण दुकानदार पाणीसुद्धा गोड मानून पीत नाही. मी जाहीर केले, जो भवानी करील त्याला नारळ आणि पेढा. तिघांच्या चेहऱ्यांवर असे तेज आले, की मला वाटले, साधले. सकाळी दार उघडण्याआधी तिघे उंबऱ्यावर हजर. आणि नेमक्या आल्या वरच्या धनगरवाड्यावरच्या कोंडाबाई. वर्षातून एकदा उतरतात, लोकर विकतात, आमच्याकडून एक लुगडे नेतात आणि पुन्हा वर जातात. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, तसा गेनूने त्यांचा उजवा हात धरला, साळूबाईंनी डावा. “आजी, हिकडं या.” “हिकडं न्हाई, आजी, बाईमाणसाकडं या.” कुंडलिकराव मागून लुगडे उघडून दाखवताहेत. म्हातारीने दोन्ही हात झटकले, पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, “म्या इकत घ्यायला आल्ये का मला इकताय रं?” मग उठल्या, रस्ता ओलांडला आणि समोर गेल्या. त्या दिवशीची भवानी सोनबाशेठांची झाली. हसा, शेठ, हसा. नारळ मी घरी नेला.

यानंतर मी वैतागलो. माणसाने किती करायचे? टोपी घालायची नाही, बोललेले ऐकायचे नाही, पेढ्यासाठी गिऱ्हाईक फाडायचे. मी ठरवले की यांचे यांना लखलाभ. मी काम चोख करतो आणि चोख करून घेतो. आणि माझ्या दुकानात चोख कामाची खूण एकच, ती म्हणजे घडी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लुगड्याची घडी घालायची ती काठाला काठ लावून. नुसता जवळ नव्हे, काठावर काठ. बोटभरही सुटता कामा नये. सुटला की फडताळात तो काठ बाहेर डोकावतो, धूळ खातो, आणि महिन्याने उघडले तर तेवढीच पट्टी विटलेली दिसते. मग ते लुगडे कुणी घ्यायचे? हे मी माझ्या माणसांना शंभरदा सांगितले आहे. म्हणजे किती वेळा ते मोजलेले नाही, पण पुष्कळ. आणि कुंडलिकराव, गिऱ्हाइकांचे एवढे लाडके कुंडलिकराव, त्यांच्या घडीचा काठ सुटतो. थोडाच. एक बोट. त्यांना तो दिसत नाही आणि मला त्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. मग मी गल्ल्यावरून उठतो, ती घडी घेतो, उलगडतो आणि पुन्हा घालतो. त्यांच्या हातातून, होय. गिऱ्हाइकासमोर, होय. दुकानात गिऱ्हाईक नसते तेव्हा घडी कशाला घालतील? गिऱ्हाईक असते तेव्हाच तर घड्या मोडतात.

इथवर मी जे बोललो ती प्रस्तावना होती, माफ करा. आता चैत्रातली गोष्ट.

लग्नसराई होती. मुलीकडची मंडळी गुंजवण्याची, नवऱ्याकडची सारोळ्याची, दोन्हीकडची माणसे मिळून आमच्याकडे बस्ता बांधायला आली. बस्ता म्हणजे सगळ्या लग्नाचे कापड एका बैठकीत. एकदा दोन्ही पक्षांचे जमले की सोयरीक पक्की आणि दुकानाचे नाव दोन खोऱ्यांत. नवऱ्याच्या आत्या ठकुबाई, या सारोळ्याच्या, आणि सोनबाशेठांच्या नात्यातल्या. त्यांना काही पसंत पडावे म्हणून देवांनाही नवस बोलावा लागेल. कुंडलिकराव सकाळपासून बसले होते. गादीवर लुगड्यांचा डोंगर झाला होता. दुपार कलली तेव्हा ठकुबाईंनी नवरीच्या शालूवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यो.” सगळे दुकान सैल झाले. कुंडलिकरावांनी शालूची घडी घातली, ठकुबाईंनी त्या घडीवर हळदीकुंकवाची बोटे लावली, आणि कुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी तो शालू नवरीच्या आईपुढे धरला.

काठ सुटलेला होता.

मी काय करणार? मी उठलो, शालू त्यांच्या हातातून घेतला, झटकला आणि नीट घडी घातली.

तुमच्यापैकी बायकांच्या लक्षात आले असेल. पुरुषांना सांगावे लागेल. कुंकू लागलेली घडी मोडायचा मान नवरीचा. तिने ती लग्नात मोडायची, अंगावर घ्यायची. मला का हे ठाऊक नव्हते? जन्म कापडात गेला माझा. पण हात आधी गेले आणि डोके मागून आले. ठकुबाईंचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. “अगं बया! नवरीच्या आधी दुकानदारानं मोडली गं घडी! नगं आम्हाला ह्ये लुगडं. नगं ह्यो बस्ताच!” मुलीची आई रडकुंडीला आली. तो शालू एकच होता. मुलीकडची माणसे सारोळकरांकडे बघू लागली, सारोळकर चपला शोधू लागले. सोयरीक माझ्या गादीवर मोडते की काय, अशी वेळ. आणि मी हातात शालू धरून उभा. काठ मात्र आता जुळलेला.

तेव्हा कुंडलिकराव हसले आणि म्हणाले, “आत्याबाई, अवो, घडी अजून घातलीच नव्हती. म्या नुसतं गुंडाळलं हुतं. घडी घालायला मालक लागत्यात आमच्या हितं. ही मालकांनी घातली ना, ही पयली घडी. लावा आता कुकू.”

ठकुबाई थबकल्या. कुंडलिकरावांकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मग म्हणाल्या, “एवढा घोडा झालास, आन् तुला अजून घडी येत न्हाई व्हय रं?”

“न्हाई येत, आत्याबाई.”

“मंग काय शिकलास इतकी वर्सं?”

सगळी मंडळी हसली. चपला पुन्हा पायरीखाली गेल्या, कुंकू पुन्हा लागले, बस्ता बांधला गेला. हसणाऱ्यांत मीही होतो. सुटका झाल्यावर माणूस हसतो. त्यात काय आहे?

दुसऱ्या दिवसापासून मात्र कुंडलिकराव घडी घालेनात. लुगडी दाखवायचे, विकायचे, बोलायचे गोड. पण उरलेले तसेच गादीवर सोडायचे. “मालक, घडी तुमी घाला.” चेहऱ्यावर राग नाही, आवाजात टोमणा नाही. गेनूनेही तेच सुरू केले. साळूबाईंनीही. दुकानात इकडून तिकडे जायला पाऊलवाट उरली नाही. गल्ला सोडून मी आपला घड्या घालतो आहे. मी मालक! शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नाही असे पाहून मी ओरडलोच. “तुम्हाला पाहिजे तरी काय? टोप्या दिल्या, पेढे दिले. एकदाचे तोंडाने सांगा!”

कुंडलिकराव म्हणाले, “काय न्हाई, मालक.”

गेनू छताकडे बघू लागला. मग साळूबाई, ज्या इतकी वर्षे मान खाली घालून “व्हय मालक” एवढेच म्हणत आल्या होत्या, त्या खण नीट करता करता म्हणाल्या, “काय बी नगं, मालक. गिऱ्हाइकाफुडं तेवढं गप ऱ्हावा.”

ऐकलेत? बढती नको, बक्षीस नको. ज्याने हे दुकान उभे केले त्याने गप्प राहावे, ही मागणी! मी रागाने घरी गेलो, जेवलो नाही. स्वयंपाकघरातून घरच्या मंडळींचा आवाज आला, “गप राहून बघायला काय लागतं?” सगळीकडून एकच सूर.

मग मी गप्प राहूनही पाहिले. हे कुणाला ठाऊक नसेल, कारण गप्प माणसाकडे कोण बघतो? तोंडात विडा धरून बसायचो. कुंडलिकराव नाही, पण गेनू पुन्हा घड्या घालू लागला; समोर त्याचा काठ सुटायचा, दाढेखाली सुपारी फुटायची. पण तोवर उशीर झाला होता. ठकुबाईंनी सारोळ्यात बस्त्याची गोष्ट सांगितली होती आणि ती सोनबाशेठांच्या कानावर गेली होती. शेठ हुशार, ते हसले नाहीत. ते म्हणाले म्हणे, “मालकाची लाज झाकायला ज्यानं स्वतःची घडी खोटी पाडली, तो माणूस मला पाहिजे.” हे वाक्य मला पेठेतल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत ऐकवले. शेठ, खरे शब्द कोणते ते समारंभानंतर सांगा. मला नक्की पाहिजेत.

कुंडलिकराव माझ्याकडे आले. “मालक, म्या समोर शबूद देऊन बसलोय.”

मी म्हणालो, “पगाराचे बोल.”

“पगाराचं न्हाई.”

“मग कशाचे?”

“काय न्हाई.”

पुन्हा तेच! पण मला नंतर कळले. यांनी सोनबाशेठांना एकच प्रश्न विचारला होता. “शेठ, तुमी बसता कुठं?” शेठ म्हणाले, “आतल्या खोलीत. गादीवर मला झोप येते.” हे म्हणाले, “मंग येतो.”

आता इथे कुणी अशी अपेक्षा धरून बसले असेल की आनंदराव गहिवरून म्हणतील, माझे चुकले, परत या. तर त्यांची निराशा होणार आहे. काठ सुटला होता. मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. आणि दिलेला शब्द परत घ्या, असे मी कोणत्याही माणसाला सांगणार नाही. कुंडलिकरावांनी समोर जावे, नाव काढावे. सोनबाशेठांना माझी एकच सूचना. या माणसाला पदर शेवटी उलगडू द्या. मध्ये घाई करू नका. नाही केलीत तर तुमचे दुकान चालेल. माझ्यापेक्षा बरे चालेल की काय, ते बघू.

तिसऱ्या ओळीत गेनू आणि साळूबाई बसले आहेत. सोनबाशेठांच्या गादीवर अजून दोघांची जागा मोकळी आहे, हे पेठेत सर्वांना ठाऊक आहे, मलाही आहे. दोघांनी मला काही सांगितलेले नाही. विचारले तर काय सांगतील, तेही मला पाठ आहे. म्हणून विचारत नाही, फक्त कळवतो. उद्या सकाळी दुकान नेहमीच्या वेळेला उघडेल. आज दुपारी सुतार बोलावून मी गल्ला हलवून घेतला आहे. आता तो दाराशी आहे, रस्त्याकडे तोंड करून. गादी माझ्या पाठीमागे. घड्या तुम्ही घालायच्या. मागे वळून बघायला माझी मान तशीही हल्ली धरते. त्या जागेवरून समोर कुंडलिकराव दिसतील. माझी नजर शाबूत आहे, त्यांचा सुटलेला काठ मला रस्त्यापलीकडूनही दिसेल. तो दिसला तरी मी रस्ता ओलांडून येणार नाही, एवढे आश्वासन या सभेत देतो. साळूबाई, मान हलवलीत ती हो म्हणून की नाही म्हणून, हे इथून कळले नाही. उद्या सकाळी कळेल.

आता शेवटचे. मंडळाच्या वतीने कुंडलिकरावांना पागोटे दिले गेले. दुकानाच्या वतीने काय द्यायचे, हे ठरत नव्हते. काल दिवेलागणीला एक बाई आल्या, हिरवे इरकली लुगडे पाहिले, “पुन्ना येते” म्हणून गेल्या. कुंडलिकराव उठणार होते. त्या गादीवरून शेवटचे उठणे. पण ते लुगडे पसरलेले पाहून त्यांचे हात आपोआप गेले. चैत्रानंतर पहिल्यांदाच. त्यांनी घडी घातली, वरून हात फिरवला, फडताळात ठेवली आणि कुणाशी काही न बोलता पायरी उतरले. मी गल्ल्यावर होतो. तोंडात विडा होता.

ते लुगडे हे. हिरवे, तांबड्या काठाचे. चंद्राबाई, पुढे या. आमच्या घरच्या मंडळी हे तुमच्या ओटीत घालतील. अध्यक्षमहाराज, तुम्ही जवळ आहात, तुम्हाला दिसत असेल; मागच्यांना सांगतो, काठ सुटलेला आहे. एक बोट. हा पाहा. काल संध्याकाळपासून हे लुगडे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होते आणि माझे हात शिवशिवत होते, आताही शिवशिवत आहेत. पण ही घडी कुंडलिकरावांनी घातलेली आहे. ती मी मोडलेली नाही. ती तुम्ही मोडायची, सणाचा दिवस बघून.

अध्यक्षांनी ही बैठक शोभिवंत केली, सोनबाशेठांनी हसून घेतले आणि ऐकूनही घेतले, तुम्ही सर्वांनी कामधाम सोडून इतका वेळ दिलात, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आणि माझ्या बोलण्याचा काठ कुठे सुटला असेल, एखादे बोट इकडेतिकडे झाले असेल, तर मंडळी, तेही आता तसेच राहू द्या.